फॉन्ट, समतोल, रचना : तीन निकष, तीन घराणी

उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याला सुरुवातीच्या सत्रातच एक असाइनमेंट हमखास मिळते : एखादी छापील जाहिरात निवडा आणि तिच्यातला फॉन्ट, समतोल आणि रचना यांचं विश्लेषण करा. तिन्ही शब्द एका दमात उच्चारले जातात, त्यामुळे ते एकाच शास्त्राचे तीन धडे असावेत असा समज होतो. प्रत्यक्षात फॉन्टचा प्रश्न छापखान्यातून आणि रस्त्यावरच्या स्पर्धेतून आला, समतोलाचा चित्रकलेच्या वर्गातून, आणि रचनेचा दोन महायुद्धांच्या मधल्या युरोपातल्या वैचारिक भांडणातून. त्यांची आपसात ओळख बरीच उशिरा झाली.

छापील जाहिरातीला आरंभी स्वतःचा चेहरा नव्हता. विल्यम कॅक्स्टनने १४७७ च्या सुमारास वेस्टमिन्स्टरमधल्या आपल्या छापखान्यातून एका धार्मिक पुस्तकाची जाहिरात काढली. इंग्रजीतली ती पहिली छापील जाहिरात मानली जाते. तळहातात मावेल एवढी चिठ्ठी, चित्र नाही, मथळा नाही. पण तिच्यात एक गंमत आहे. पुस्तक ‘याच अक्षरात’ छापलं आहे असं ती सांगते. म्हणजे जाहिरातीचं अक्षर हाच मालाचा नमुना होता.

पुढची तीन शतकं जाहिरातीचं आणि पुस्तकाचं अक्षर जवळपास एकच राहिलं. बदल झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, लंडनमध्ये. भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवलेल्या पत्रकांत आपलं पत्रक आधी दिसावं म्हणून टाइप पाडणाऱ्यांनी अक्षरं फुगवायला घेतली. रॉबर्ट थॉर्नचं नाव जोडलं जातं ते जाड, लठ्ठ ‘फॅट फेस’शी, व्हिन्सेंट फिगिन्सने ठोकळ्यासारख्या पायांचं अक्षर आणलं, आणि १८१६ मध्ये विल्यम कॅस्लन चौथा याच्या नमुनापुस्तकात सेरिफ (अक्षराच्या टोकांना असलेले छोटे पाय) नसलेलं, फक्त कॅपिटल अक्षरांचं टाइप दिसलं. आज ‘आधुनिक’ म्हणून ज्या सॅन्स-सेरिफचं कौतुक होतं, त्याचा छपाईतला जन्म इतका जुना आहे. मोठी अक्षरं शिशात ओतणं जड आणि महागडं होतं. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने लाकडी टाइप यंत्रावर कोरायला सुरुवात केली आणि वीतभर उंचीची अक्षरंही परवडू लागली.

त्या काळातल्या पोस्टरवर दर ओळीला वेगळं अक्षर दिसतं. विद्यार्थी ते पाहून हसतात आणि ‘फॉन्टची खिचडी’ असा शेरा मारतात. शेरा घाईचा आहे. जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारा कामगार, ओळ डावीकडून उजवीकडे पूर्ण भरायचा : शब्द छोटा असेल तर रुंद अक्षर, लांब असेल तर अरुंद. शिवाय हाताशी असलेल्या खिळ्यांतच भागवायचं. अक्षराची निवड तिथे चवीपेक्षा मापाने ठरत होती.

शिळाछपाईने हे बंधन सोडवलं. आलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेलं हे तंत्र पॅरिसमध्ये ज्यूल शेरेने रंगीत पोस्टरांसाठी वापरलं, आणि चित्र व अक्षर एकाच हाताने एकाच दगडावर उमटू लागलं. मग कोणाला किती जागा द्यायची हा नवाच पेच उभा राहिला. त्याला सर्वांत धीट उत्तर दिलं ते बर्लिनमध्ये, १९०६ च्या सुमारास, लुसियन बर्नहार्डने : प्रीस्टर या आगपेटीच्या कंपनीच्या पोस्टरवर दोन काड्या आणि एक नाव. बस्स.

समतोलाचं घराणं वेगळं. अमेरिकेत आर्थर वेस्ली डाऊ या कलाशिक्षकाने १८९९ मध्ये चित्ररचना तत्त्वांनिशी शिकवायची पद्धत पुस्तकरूपात मांडली. १९०३ मध्ये वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाने जाहिरातीवर पुस्तक लिहिलं, आणि १९१२ मध्ये फ्रँक अल्व्हा पार्सन्स यांनी जाहिरातीच्या मांडणीची तत्त्वं स्वतंत्र पुस्तकात मांडली. ‘समतोल साधला आहे’ हे विद्यार्थ्यांचं आवडतं वाक्य याच पाठ्यपुस्तकी परंपरेचं, आणि माझ्या मते असाइनमेंटमधलं सर्वांत पोकळ वाक्यही तेच. कलेच्या मानसशास्त्राचे अभ्यासक रुडॉल्फ आर्नहाइम यांनी १९५४ मध्ये समतोलाची ही कल्पना नेमकी केली : चौकटीतला प्रत्येक आकार कुठेतरी ओढतो, आणि समतोल म्हणजे त्या ओढाताणीचा हिशेब. कोणता आकार कुठे ओढतो आणि त्याला कशाने थोपवलंय, हे न सांगता दिलेला समतोलाचा दाखला निरुपयोगी आहे.

रचनेच्या बाबतीत मात्र खरी भांडणं झाली. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत मोहोली-नॉज आणि हर्बर्ट बायर, आणि बाहेरून अक्षररचनाकार यान त्शिखोल्ड यांनी मध्यरेषेवर बसवलेली जुनी मांडणी मोडीत काढली. त्शिखोल्डच्या १९२८ च्या पुस्तकात असममित मांडणी आणि सॅन्स-सेरिफ हा जवळजवळ धर्मच झाला. नाझी राजवटीत त्याला अटक झाली, देश सोडावा लागला, आणि पुढे तोच माणूस १९४७ ते १९४९ पेंग्विन या प्रकाशनसंस्थेची पुस्तकं अभिजात, मध्यरेषेवर बसवलेल्या पद्धतीने सजवत होता. आपल्या तरुणपणीच्या आग्रहात त्याला हुकूमशाहीचा वास येऊ लागला होता. आधुनिक मांडणीची बाजू घेणाऱ्या माक्स बिल या स्विस कलावंताशी त्याचा याच मुद्द्यावर १९४६ मध्ये जाहीर वाद झाला. स्वित्झर्लंडमध्ये तरी बिलच्या बाजूचं पारडं जड ठरलं : योझेफ म्युलर-ब्रोकमान यांच्यासारख्यांनी ग्रिडला, म्हणजे पान रकान्यांत आणि चौकोनांत विभागणाऱ्या आखणीला, शिस्तीचं रूप दिलं, आणि १९५७ मध्ये नॉये हास ग्रोटेस्क हे सॅन्स-सेरिफ अक्षर आलं, जे १९६० पासून हेल्व्हेटिका म्हणून ओळखलं जातं.

ही तिन्ही घराणी एका पानावर भेटलेली पाहायची तर १९५९ ची फोक्सवॅगनची ‘थिंक स्मॉल’ जाहिरात घ्यावी. डॉइल डेन बर्नबाक या एजन्सीत हेल्मुट क्रोन आणि ज्युलियन केनिग यांनी ती केली. वर मोठी मोकळी जागा, तिच्यात डावीकडे वरच्या अंगाला चिमुकली गाडी. खाली फ्युचुरा या सॅन्स-सेरिफ फॉन्टमधला छोटा मथळा, पूर्णविरामासह. त्याखाली तीन रकान्यांत मजकूर. खालचा भाग चोख रकान्यांत, वरचा मुद्दाम कललेला. मोकळ्या जागेचे पैसे मोजले गेले होते, आणि गाडीचं लहानपण तीच जागा सिद्ध करते.

तोवर हे ज्ञान मुख्यतः कामावर, वरिष्ठाच्या शेजारी बसून मिळायचं. १९६४ मध्ये रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने पास्ताच्या एका जाहिरातीचं बारकाईने वाचन करून दाखवलं आणि जाहिरात हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो हे विद्यापीठांना पटू लागलं. मग १९८४ मध्ये मॅकिन्टॉश हा संगणक, १९८५ मध्ये पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर. जुळारी, पेस्ट-अप करणारा (छापायच्या पानाचे तुकडे चिकटवणारा) आणि मांडणीकार यांच्यात वाटलेले निर्णय एकाच खुर्चीत आले. फॉन्टची यादी समोर उघडी, आणि नकार देणारं कोणी नाही. निवडीमागचं कारण लिहून काढायला लावणारी असाइनमेंट वर्गात इतकी घट्ट रुजली, ती या परिस्थितीत.

आता एकच जाहिरात चौकोनी, उभी आणि आडवी अशा अनेक मापांत निघते. एका चौकटीसाठी साधलेला तोल दुसरीत मोडतो; टिकतात ते अंतराचे, क्रमाचे आणि अक्षराच्या आकाराचे नियम. त्यामुळे फोनवरच्या जाहिरातीच्या विश्लेषणाला एक स्क्रीनशॉट पुरत नाही. निदान दोन मापं शेजारी ठेवली, तर काय हललं आणि काय जागचं सुटलं नाही, ते दिसतं.