गरोदरपणातली साखर तपासणी: ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास लॅबमध्येच का बसायचं?

डॉक्टरांनी ज्या ताईंच्या चिठ्ठीवर 'डिप्सी' किंवा '७५ ग्रॅम ग्लुकोज' असं लिहून दिलं आहे, त्यांच्यासाठी हा कागद आहे. डिप्सी म्हणजे ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेऊन गरोदरपणातला मधुमेह शोधायची तपासणी. सोबत येणाऱ्यांनी तर तो आधी वाचावा. तपासणी बिघडते ती बहुतेक वेळा त्यांच्या मायेपोटी.

आमच्या जळगावच्या लॅबच्या काउंटरवर दोन प्रश्न रोज येतात. "आमच्या घरात कोणालाच साखर नाही, मग हे कशाला?" आणि "तिसऱ्या महिन्यात केली होती, नॉर्मल आली. परत का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर वारेत, म्हणजे बाळाला आईकडून पोषण पुरवणाऱ्या प्लॅसेंटात आहे.

गर्भ गर्भाशयात रुजला की त्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एचसीजी नावाचं हार्मोन सोडू लागतात. लघवीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटते ती त्याच्यामुळेच. त्याचं खरं काम मात्र वेगळं आहे. बीजांडकोषात जिथून बीज सुटलं, तिथे एक पिवळसर गाठ तयार झालेली असते. ती प्रोजेस्टेरॉन बनवते. हे प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचं अस्तर टिकवतं आणि त्याच्या स्नायूंना शांत ठेवतं. गर्भ राहिला नाही, तर ही गाठ साधारण दोन आठवड्यांत सुकते आणि पाळी येते. एचसीजी तिला सुकू देत नाही. सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास वार स्वतःच पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवायला लागते आणि मग गाठीची गरज उरत नाही.

पुढे वार वाढत जाते आणि तिची हार्मोन्सही. त्यातलं प्लॅसेंटल लॅक्टोजेन तर जवळजवळ नवव्या महिन्यापर्यंत चढतच असतं. वारेचं स्वतःचं ग्रोथ हार्मोनही रक्तात उतरतं. रक्तातली साखर खाली आणणारं इन्सुलिन आईच्या शरीरावर जो असर करतं, तो ही हार्मोन्स कमी करतात. जेवल्यावर आईच्या रक्तातली साखर लवकर खाली येत नाही, जास्त वेळ रेंगाळते, आणि तेवढा वेळ वारेतून बाळाला पुरवठा होत राहतो. ही व्यवस्था निसर्गाचीच आहे, तो आजार नव्हे. बहुतेक आयांचं स्वादुपिंड त्याला उत्तर म्हणून दुप्पट-तिप्पट इन्सुलिन बनवतं आणि हिशेब जुळून जातो. ज्यांचं स्वादुपिंड एवढा जोर लावू शकत नाही, त्यांची साखर चढते. माहेरी-सासरी कोणाला साखर असो वा नसो.

ती चढलेली साखर वारेतून थेट बाळाकडे जाते. आईचं इन्सुलिन मात्र वार ओलांडत नाही. म्हणून बाळाला स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवावं लागतं. त्याच्या अंगावर चरबी चढते, बाळंतपणात खांदा अडकण्याचा धोका वाढतो. जन्मानंतर नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, पण बाळाचं इन्सुलिन जास्तच असतं. मग बाळाची साखर घसरते आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येऊ शकते.

आता परत का, ते बघा. पहिली तपासणी, जी नाव नोंदवताना होते, ती आधीपासूनची लपलेली साखर शोधते. तेव्हा वार लहान असते. दुसरी २४ ते २८ आठवड्यांत, म्हणजे वारेचा जोर वाढल्यावर, मधे किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवून. पहिलीचा नॉर्मल रिपोर्ट दुसरीला लागू पडत नाही.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे. महिन्यांच्या भाषेत सहावा अर्धा झाल्यापासून सातवा अर्धा होईपर्यंत. डोहाळजेवण उरकू, मग माहेरी गेल्यावर तिकडेच करू, असं म्हणता म्हणता बत्तिसावा आठवडा लागतो. तपासणी तेव्हाही होते, पण पथ्याला जो वेळ मिळायला हवा तो निघून गेलेला असतो. माहेरी जायच्या आधी करून घ्या आणि रिपोर्ट सोबत न्या.

उपाशी यायचं का? डिप्सीसाठी नाही. ही पद्धत चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकाराने आपल्याकडे रुजली आणि केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही तीच आहे. तिची सोय हीच, की शेवटचं जेवण कधी झालं याने फरक पडत नाही. चोपडा, यावल, शिरपूरकडून पहिल्या एसटीने येणाऱ्या बाईला उपाशीपोटी बसवणं आम्हाला पटतही नाही. आखाजीला माहेरी आमरस आणि खापरावरची पुरणपोळी झाली, म्हणून दुसऱ्या दिवशीची तपासणी पुढे ढकलायचं कारण नाही. मात्र चिठ्ठी नीट वाचा. 'ओजीटीटी, तीन नमुने' लिहिलं असेल तर रात्रीपासून किमान आठ तास उपाशी यावं लागतं, त्यात चहासुद्धा नाही. '५० ग्रॅम, एक तास' ही आणखी वेगळी. कोणती ते कळलं नाही तर चिठ्ठीचा फोटो आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आम्ही सांगू.

आल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून देतो. पाच ते दहा मिनिटांत संपवायचं. पहिल्या घोटाला घड्याळ लावतो आणि दोन तासांनी हाताच्या शिरेतून एकदाच रक्त घेतो. मळमळ होत असेल तर थंड पाण्यात बनवून देतो, वाटल्यास लिंबू पिळून. प्यायल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर त्या दिवशी तपासणी रद्द, दुसऱ्या दिवशी परत. त्याचे पैसे पुन्हा घेत नाही. अर्ध्या तासानंतर झाली तर तपासणी चालू राहते.

दुकानातून आणलेला ग्लुकोजचा पुडा आम्ही वापरत नाही, यावरून कधी कधी वाद होतो. कारण ऐकून घ्या. ग्लुकोज पावडर दोन प्रकारची असते, कोरडी आणि रेणूत पाणी असलेली. कोरडी ७५ ग्रॅम लागते, तर पाणीवाली ८२.५ ग्रॅम, तेव्हा कुठे दोन्हींत साखर सारखी होते. शिवाय घरचा चमचा कधी सपाट, कधी शिगोशीग. आमची पुडी काट्यावर तोलून बंद केलेली असते आणि तिची किंमत तपासणीतच धरलेली आहे.

आता ज्यामुळे तुमचा दिवस वाया जातो ते.

ग्लुकोज पिऊन झालं की ताईला कंटाळा येतो. सोबतचे म्हणतात, दोन तास बसून काय करायचं, तोवर बाजार करून येऊ, साड्या बघू. किंवा सासूबाई पिशवीतून केळं काढतात, "लेकराला भूक लागली असेल." रावेर-यावलच्या पट्ट्यात पिशवीत केळं नसणारी बाई शोधावी लागेल. कोणी समोरच्या टपरीवरून अर्धा कट चहा आणून देतं. तिघांचाही हेतू चांगला, पण तिघांमुळेही आकडा खोटा येतो.

चालण्यात पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी त्यांना फारसं इन्सुलिनही लागत नाही. मधुमेह ठरतो तो १४० पासून; भर बाजारात तास-दीड तास फिरलेल्या बाईची १५० ची साखर त्याच्या खाली दिसू शकते. रिपोर्ट नॉर्मल, घरचे खूश, आणि वार आपलं काम करतच राहते. ही चूक सर्वांत वाईट, कारण ती कोणाला कळतच नाही. केळं किंवा साखरेचा चहा उलटं करतात. ७५ ग्रॅमवर आणखी साखर पडते, आकडा वर जातो आणि ज्या बाईला काहीच झालेलं नाही ती पथ्याला लागते. काहीजणी अर्धाच ग्लास पितात आणि उरलेलं ओतून देतात, इतकं गोड बाळाला बाधेल या भीतीने. एका वेळच्या ७५ ग्रॅमने बाळाला काही होत नाही. अर्ध्या ग्लासच्या रिपोर्टने मात्र खरी साखर सुटून जाऊ शकते.

म्हणून आमचा नियम असा: दोन तास इथेच, बसून. घोटभर पाणी चालेल. स्वच्छतागृहापर्यंत चालणं चालेल. बाकी काही नाही. मधे काही खाल्लं असेल तर लाजू नका, सांगा. आम्ही रक्त घेणार नाही आणि दुसरी तारीख देऊ. न सांगता रक्त दिलंत तर आम्हाला ओळखता येत नाही, मशीनलाही नाही. बसायला पाठ टेकायच्या खुर्च्या, कूलर आणि आडवं व्हायला एक पलंग आतल्या खोलीत आहे. मे महिन्यात जळगावच्या उन्हात तुम्हाला बाहेर जायचं तरी कुठे?

"गावातच रक्त काढून पाठवतो, तुम्ही फक्त तपासा," असंही सांगितलं जातं. साध्या बाटलीतलं रक्त आम्ही साखरेसाठी घेत नाही. रक्तपेशी बाटलीतही साखर खात राहतात, दर तासाला ५ ते ७ टक्के, उन्हाळ्यात त्याहून जास्त. खरी साखर १४६ असेल तर दोन तासांच्या प्रवासात तिची १२९ होते. राखाडी टोपणाच्या बाटलीत फ्लोराइड असतं, ते हे थांबवतं, पण त्यालाही पूर्ण असर करायला तास-दोन तास लागतात. त्यामुळे आम्ही राखाडी बाटलीत घेतलेलं रक्तही लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी सोडून उरलेला पातळ भाग, वेगळा करतो. आमचा दर बोटाला टोचून होणाऱ्या तपासणीपेक्षा थोडा जास्त आहे तो यासाठी.

नुसती 'तीन महिन्यांची साखर' करून द्या, अशी मागणीही असते. ती तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, गरोदरपणात डिप्सीची जागा घेऊ शकत नाही. रक्तपेशी या काळात लवकर बदलतात, त्यामुळे तो आकडा कमी दिसतो. लोहाच्या कमतरतेने तोच फुगतो. सातपुड्याच्या भागात, विशेषतः नंदुरबारकडे, सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असलेली कुटुंबं बरीच आहेत, आणि त्यात तर एचबीएवनसीवर भरवसाच ठेवता येत नाही. सिकलसेलचं कार्ड असेल तर आणा. लघवीतल्या साखरेवरूनही ठरवू नका, गरोदर बाईच्या मूत्रपिंडातून एरवीही थोडी साखर गळते.

येण्याआधी कळवायच्या गोष्टी थोड्या. ताप किंवा सतत उलट्या असतील तर थांबा. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली असतील तर साखर काही दिवस चढलेली राहते, डॉक्टरांना विचारून आठवडाभराने या. आधीपासून मधुमेह असेल तर ही तपासणी तुमच्यासाठी नाहीच.

रिपोर्टवर एकच आकडा असतो. १४० किंवा त्यापेक्षा जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. १३९ म्हणजे नाही, पण डॉक्टरांना दाखवायचाच. १४० च्या वर आला म्हणून लगेच इन्सुलिन लागतं असं नाही. साधारण दोन आठवडे आहार आणि चालणं, मग जेवणानंतर दोन तासांची साखर तपासतात. ती १२० च्या खाली राहिली तर पथ्यच चालू ठेवतात. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी बंद करायची नाही, एका वेळची कमी करून थोड्या थोड्या वेळाने खायची. मोजमाप आहारतज्ज्ञ किंवा डॉक्टर ठरवतील, आम्ही नाही. या फेरतपासणीचा दर आम्ही मुद्दाम कमी ठेवला आहे, कारण ती वारंवार लागते.

बाळंतपणात वार पडली की तिची हार्मोन्सही जातात आणि बहुतेकींची साखर थोड्याच दिवसांत जागेवर येते. तरी सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमची तपासणी परत करायची, तेव्हा मात्र उपाशीपोटीचा नमुनाही लागतो. बाळाच्या लसीला दवाखान्यात यालच, त्याच दिवशी जमवा.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर मातांची तपासणी मोफत होते. तिथे साखर तपासून घेतलीत तरी चांगलंच. दोन तास तिथेही तेवढेच.

आमच्याकडे ग्लुकोज सकाळी सातपासून मिळतं, शेवटचा ग्लास साडेदहाला. त्यानंतर आलात तर दुसऱ्या दिवशीची वेळ देतो, कारण दुपारी एकला बाटल्या मशीनवर चढतात. रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी पाचनंतर, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा छापील. येताना डॉक्टरांची चिठ्ठी, शेवटच्या पाळीची तारीख आणि आधीचा साखरेचा रिपोर्ट आणा. केळं आणलंत तर रक्त दिल्यावर खा.