अठरा भागांचा गंध

सोळा द्रव्यांमधून कोणतीही चार निवडायची, तर किती प्रकारांनी निवडता येतील? १८२०. हे उत्तर गणिताच्या पोथीत नाही, सुगंधाच्या प्रकरणात आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत ‘गंधयुक्ती’ नावाचा अध्याय लिहिला. त्यात त्याने सोळा घरांचा एक चौकोन सांगितला आहे, त्याला तो कच्छपुट म्हणतो. प्रत्येक घरात एक द्रव्य आणि त्याचे भाग. पहिल्या ओळीत अगरू २, पत्र ३, तुरुष्क ५, शैलेय ८. शेवटच्या ओळीत चंदन ७, नख ६, श्रीक ४, कुंदुरुक १. दोन्हींची बेरीज १८. उभ्या रांगा घ्या, कर्ण घ्या, तरी १८च. अठरा भाग भरतील अशी चौकडी उचलायची आणि मिसळायची.

या चौकोनात काय नाही, तेही पाहण्यासारखं आहे. ‘उत्तम सुगंध अमुक’ असा निकाल त्यात नाही. करणाऱ्याला तो निवड देतो. अठरांची अट सोडून सोळांतल्या कोणत्याही चौकडीतल्या द्रव्यांना १, २, ३, ४ असे भाग उलटसुलट क्रमाने दिले, तर प्रत्येक चौकडीचे २४ आणि एकूण ४३,६८० सुगंध होतात. एका माणसाला आयुष्यभर पुरून उरतील इतके.

हवेत गंध पसरवणाऱ्या डिफ्यूझरमध्ये सहा थेंब याचे, तीन त्याचे असं मोजून आपल्या घराचा ‘खास’ गंध बनवण्याचा छंद आज नवा म्हणून सांगितला जातो. त्यातलं मोजणं नवं नाही, निवडणं नवं नाही आणि घरासाठी करणंही नवं नाही. नवं आहे ते बाटलीतलं पातळ, उडून जाणारं तेल आणि त्याबद्दल बोलायची भाषा. या दोन्ही गोष्टी बऱ्याच उशिरा आल्या.

सुगंध आधी हवेचा होता, अंगाचा नंतर झाला, असं मला वाटतं. निदान शब्द तरी तेच सांगतो. परफ्यूम हा शब्द ज्या लॅटिन मुळातून आला त्याचा अर्थ ‘धुरातून’. प्राचीन इजिप्तमधल्या किफी या मिश्रणाच्या कृती एडफू आणि फिलेच्या मंदिरांच्या भिंतींवर कोरलेल्या आहेत. ग्रीक लेखक प्लुटार्क किफीची सोळा द्रव्यं मोजतो आणि ती संध्याकाळी जाळत असं सांगतो. सकाळी ऊद, दुपारी बोळ, दिवस मावळताना किफी. दिवसाच्या प्रहरानुसार वेगळा गंध ही कल्पना आज कुणी नवी म्हणून मांडली, तर ती जवळजवळ दोन हजार वर्षं जुनी आहे एवढं सांगता येईल. किफीत राळ, बोळ आणि सुगंधी गवतांबरोबर मध, मनुका आणि वाइनही असे. हे जिन्नस वासापुरते नव्हते. चिकट, ओलसर गोळ्यात सगळं एकजीव होतं आणि निखाऱ्यावर गोळा हळूहळू जळतो. उडणाऱ्या गंधाला कशाने तरी बांधून ठेवायचं ही अडचण तेव्हाही होती. आजचे लोक त्यासाठी फिक्सेटिव्ह हा शब्द वापरतात.

मेसोपोटेमियातल्या मातीच्या एका पाटीवर तप्पुती नावाच्या बाईचा उल्लेख येतो. ख्रिस्तपूर्व १२०० च्या सुमाराची ही सुगंधकार, नावानिशी माहीत असलेल्या सर्वांत जुन्या सुगंधकारांपैकी एक.

तेलाबद्दल नीट विचार करणारा पहिला माणूस मला थिओफ्रास्टस वाटतो. ॲरिस्टॉटलचा हा शिष्य वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे, पण गंधांवर त्याने स्वतंत्र लिखाण केलं. कोणतं तेल गंध चांगला धरतं, कोणतं लवकर खवट होतं याची त्यात चर्चा आहे. सुगंधकार उन्हापासून दूर, सावलीतल्या वरच्या खोल्यांत काम करतात, कारण ऊन आणि ऊब गंध पळवतात, हेही तो नोंदवतो. अंधाऱ्या कपाटात, गडद रंगाच्या बाटलीत तेल ठेवणारा आजचा माणूस तेच करत असतो. त्याचं आणखी एक निरीक्षण मला फार आवडतं. मिश्रणात जे द्रव्य शेवटी घातलं जातं, त्याचाच वास वरचढ ठरतो, मग ते कितीही थोडं असो. हे मुरवण्याच्या जुन्या पद्धतीबद्दल आहे, थेंबांच्या मिश्रणाला जसंच्या तसं लागू होत नाही. तरी ज्याने शेवटी ‘अजून एकच थेंब’ म्हणत दालचिनी घातली आहे, त्याला ते पटेल.

भारतीय परंपरेत गंधयुक्ती ही चौसष्ट कलांपैकी एक. म्हणजे सुगंध जुळवणं हे गंध्याचं काम होतंच, शिवाय रसिक नागरिकाला यावं असं कौशल्यही होतं. पुढे गंगाधर नावाच्या लेखकाने ‘गंधसार’ लिहिला. त्यात भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन अशा सहा प्रक्रिया आहेत. पाचन म्हणजे शिजवणं, धूपन म्हणजे धुरी देणं, आणि बोध म्हणजे शब्दशः जागं करणं. मिश्रणाला ‘जागं करणं’ हा शब्द मला आजच्या कुठल्याही तांत्रिक शब्दापेक्षा नेमका वाटतो. याच ग्रंथाबरोबर ‘गंधवाद’ नावाची एक निनावी कृती सापडली, आणि तिच्यावरचं भाष्य मराठीत आहे. या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं ते पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी. छापील आवृत्ती १९८९ साली बडोद्याहून निघाली. सुगंधशास्त्रावर मराठीत गद्य लिहिलं गेलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

‘आपला’ गंध ही कल्पना टोकाला नेली ती जपानने. हेइआन काळातल्या (आठव्या शतकाची अखेर ते बारावं शतक) दरबारी घरांत ताकिमोनो बनवत. सुगंधी लाकडांची आणि राळांची पूड मधासारख्या चिकट पदार्थात मळून केलेल्या या गोळ्या. मुख्य मिश्रणं सहा, त्यांना ऋतूंची जोड. बाईका वसंतातल्या प्लमच्या फुलांचं, कायो उन्हाळ्यातल्या कमळाचं. नावं सगळ्यांची सारखी, पण प्रमाण ज्याचं त्याचं, आणि ते गुपित. अकराव्या शतकाच्या आरंभीच्या ‘गेंजीची कथा’ या कादंबरीत अशा मिश्रणांची स्पर्धाच आहे. एकाच नावाच्या मिश्रणातून करणाऱ्याचा स्वभाव ओळखला जातो. गोळ्या मुरण्यासाठी पाण्याजवळ जमिनीत पुरून ठेवत. आज मिश्रण करून बाटली दोन आठवडे बंद ठेवतात त्यामागचं कारण तेच आहे. नुकते मिसळलेले गंध एकमेकांशी भांडत असतात.

इथपर्यंत सगळं राळ, लाकूड, पूड आणि साध्या तेलात मुरवलेली फुलं. वनस्पतीचा गंध थेंबाच्या रूपात वेगळा काढणं ही ऊर्ध्वपातनाची, म्हणजे वाफ करून ती पुन्हा थंड करण्याच्या पद्धतीची देणगी. नवव्या शतकात अल-किंदी या अरब विद्वानाने सुगंध आणि ऊर्ध्वपातनावर लिहिलेल्या ग्रंथात शंभराहून अधिक कृती आहेत. गुलाबाचा अर्क काढण्याचा शोध इब्न सीनाने लावला असं सर्रास लिहिलं जातं, पण ऊर्ध्वपातन त्याच्याआधीच चालू होतं. युरोपात १५०० साली स्ट्रासबर्गला ब्रुन्श्विगचं ऊर्ध्वपातनावरचं पुस्तक छापलं गेलं, आणि त्या शतकात उडनशील तेलं औषधविक्रेत्यांच्या फडताळात आली. जाळण्याची गरज संपली. पण नवी अडचण उभी राहिली. निखाऱ्यावर सगळं एकत्र जळतं, तेलाचे घटक मात्र आपापल्या वेगाने उडतात. लिंबू पळतं, चंदन बसून राहतं.

हे वेग शब्दांत पकडायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. लंडनचा सुगंधकार सेप्टिमस पीस याने १८५५ च्या आपल्या पुस्तकात गंधांची तुलना स्वरांशी केली. व्हॅनिला, बदाम, संत्र्याची फुलं एका सप्तकात, तर लिंबू आणि संत्र्याची साल त्याहून वरच्या सप्तकात. कोणत्या गंधाला कोणता सूर ही त्याची मांडणी बरीचशी कल्पनेची होती, पण ‘नोट’ आणि ‘कॉर्ड’ हे शब्द सुगंधाच्या भाषेत कायमचे रुजले. त्याच सुमारास रसायनशाळा मैदानात उतरली. १८६८ मध्ये रसायनतज्ज्ञ पर्किनने कुमरिन हे गंधद्रव्य बनवलं, १८७४ मध्ये टीमान आणि हारमान यांनी व्हॅनिलिन. दुकानात ‘इसेन्शियल ऑइल’ आणि ‘फ्रेग्रन्स ऑइल’ अशा दोन बाटल्या शेजारी दिसतात, त्यांच्यातली फट इथे पडली. पहिली वनस्पतीतून काढलेली, दुसरी बहुधा प्रयोगशाळेत जुळवलेली. नैसर्गिक तेवढं पवित्र आणि कृत्रिम तेवढं वाईट, असं मी मानत नाही. व्हॅनिलाचा वास सर्वसामान्य घरांत पोचला तो रसायनामुळे.

स्वरांच्या उपमेला मोजमाप दिलं विल्यम पाऊचरने. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याने शेकडो गंधद्रव्यं कागदाच्या पट्ट्यांवर लावून कोण किती काळ टिकतं ते तपासलं आणि १ ते १०० असे अंक दिले. १४ पर्यंतची, लवकर उडणारी, टॉप नोट, ६० पर्यंतची मिडल, त्यापुढची, सर्वांत टिकणारी, बेस. चंदन, वाळा आणि पाचौली या सुगंधी पानाचं तेल १०० वर. टॉप, मिडल, बेस हा त्रिकोण आज प्रत्येक माहितीपत्रकावर शाश्वत सत्यासारखा छापलेला असतो. त्याला इतकं ठरीव रूप येऊन शंभर वर्षंही झालेली नाहीत.

पाऊचरची पट्टी घरी करून पाहता येते. मी जाड पांढऱ्या कागदाच्या तीन पट्ट्या कापल्या आणि एकेकीवर लिंबू, लॅव्हेंडर आणि पाचौलीचा एकेक थेंब टाकला. रात्री झोपताना लिंबाची पट्टी जवळजवळ कोरा कागद होती. लॅव्हेंडर दुसऱ्या दिवशी नाक टेकवल्यावर सापडलं. पाचौलीची पट्टी मी टेबलाच्या खणात विसरलो, आणि पुढच्या महिन्यात खण उघडला तेव्हा ती कुठे आहे ते बघावं लागलं नाही. थेंबांचंही एक गुपित तिथेच कळलं. पाचौली दाट, तिचा थेंब जड पडतो, लिंबाचा हलका. ‘पाच थेंब’ म्हणजे दोन तेलांचं सारखं प्रमाण नव्हे. वराहमिहिराचे भाग थेंबांनी भरायला गेलात तर हिशेब चुकणार, त्याला लहान वजनकाटाच हवा.

‘माझ्यासाठी खास’ हा आजचा सूर मात्र सुगंधाच्या धंद्यातून आलेला नाही, तो उपचाराच्या वाटेने आला. फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गातफोसे याने अरोमाथेरपी हा शब्द रूढ केला, त्याचं पुस्तक १९३७ चं. प्रयोगशाळेत हात भाजला आणि योगायोगाने लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला, ही त्याच्याबद्दलची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. त्याने स्वतः लिहिलेलं वेगळं आहे. १९१० च्या स्फोटानंतर हाताला गॅस गँगरीन (मांस सडवणारा जंतुसंसर्ग) झालं आणि त्यावर त्याने लॅव्हेंडर वापरलं, जाणूनबुजून. पुढे मार्गरीत मोरी हिने प्रत्येक माणसासाठी वेगळं मिश्रण, ‘व्यक्तिगत प्रिस्क्रिप्शन’, ही पद्धत मांडली. त्वचेवर चोळण्याच्या तेलांसाठीची ती कल्पना नंतर सुटी होऊन खोलीच्या हवेपर्यंत आली. उपचाराचे सगळे दावे खरे मानायची गरज नाही. मिश्रण माणसागणिक बदलावं, एवढी सवय त्यातून लागली.

साधनंही मधल्या काळात बदलली. फ्रान्समध्ये मोरिस बर्जे याने १८९८ साली रुग्णालयातली हवा शुद्ध करण्यासाठी ज्योतीविना चालणारा दिवा काढला, तोच पुढे दिवाणखान्यात सुगंधासाठी मिरवू लागला. आज अल्ट्रासोनिक यंत्र पाण्याबरोबर तेलाचे सूक्ष्म कण हवेत फेकतं, तर वेताच्या काड्या बाटलीतलं तेल केशाकर्षणाने वर ओढतात. एकच मिश्रण दोन्हींत घातलं तर वेगळं वाटतं. यंत्र सगळे घटक एकत्रच उडवतं. काड्यांतून हलके घटक आधी जातात.

आणि मग नियम आले. सुगंधद्रव्यांची सुरक्षितता तपासणारी रिफ्म ही संस्था १९६६ ची, उद्योगाची मर्यादा ठरवणारी इफ्रा १९७३ ची. कोणतं द्रव्य कशात किती टक्क्यांपर्यंत चालेल, याच्या इफ्राच्या याद्या वेळोवेळी बदलतात. दालचिनी आणि लवंगेच्या तेलांनी त्वचेला त्रास होऊ शकतो, जुनं झालेलं लिंबूवर्गीय तेल हवेशी संयोग पावून ॲलर्जी उठवू शकतं. वराहमिहिराच्या चौकोनाला असा रकाना नव्हता.

काड्यांची बाटली महिनाभराने तळाला येते तेव्हा तिचा वास पहिल्या दिवशीचा राहिलेला नसतो. लिंबू कधीच गेलेलं असतं, लॅव्हेंडरची नुसती आठवण असते, आणि तळाशी उरलेल्या दाट तपकिरी थेंबांत पाऊचरचे शंभर नंबरवाले असतात, चंदन आणि पाचौली.