बाप्तिस्म्यानंतर काय? सोलापूरच्या ख्रिस्ती घरांतल्या प्रार्थनेची पार्श्वभूमी

जानेवारी लागला की सोलापुरात दोन तयाऱ्या बरोबरीनं चालू असतात. एकीकडे गड्ड्याच्या यात्रेसाठी नंदीध्वज पेलायचा सराव आणि दुसरीकडे ख्रिस्ती मंडळ्यांमधला, म्हणजे चर्चमधला, प्रार्थना सप्ताह. वर्षाचा पहिला आठवडा, रोज संध्याकाळी तासभर, रोज वेगळा विषय. कित्येकांना ही आपल्याच मंडळीत कुणा जुन्या पाळकसाहेबांनी घालून दिलेली प्रथा वाटते. ती आली लुधियान्याहून. तिथल्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी १८५८ मध्ये जगभरच्या मंडळ्यांना हाक दिली की नव्या वर्षाचा एक आठवडा सगळ्यांनी मिळून प्रार्थनेत घालवू या. त्याप्रमाणे पहिला सप्ताह १८६० च्या जानेवारीत झाला. त्याच वर्षी पुण्याकडून येणारी आगगाडी सोलापूरला पोचली. हा निव्वळ योगायोग, पण या रेल्वेमार्गाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

प्रार्थना सप्ताहात हमखास वाचलं जाणारं एक वचन म्हणजे बायबलमधल्या, पौलानं लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातलं, ‘मनाच्या नवीकरणाने’ रूपांतर होऊ द्या, असं सांगणारं. मूळ ग्रीकमध्ये हे क्रियापद चालू वर्तमानकाळातलं आहे. म्हणजे एकदा बदला आणि मोकळे व्हा, असं पौल म्हणत नाही. होऊ देत राहा, असं म्हणतो. करिंथकरांस लिहिताना तर तो ‘दिवसेंदिवस’ असाच शब्द वापरतो. निकदेमाला येशूनं सांगितलेला नवा जन्म वेगळा आणि हे रोजचं नवं होणं, म्हणजे नवीकरण, वेगळं. व्यासपीठावरून बोलताना या दोन्हींची सरमिसळ फार होते. घरातली माणसं मात्र फरक बरोबर ओळखतात. ‘तो हल्ली थंड पडलाय’ असं म्हातारी माणसं एखाद्याबद्दल म्हणतात, तेव्हा त्याचा बाप्तिस्मा रद्द झाला असं त्यांना म्हणायचं नसतं.

‘थंड पडण्या’ची ही काळजी प्रॉटेस्टंट जगात जुनी आहे. जर्मनीत फिलिप याकोब स्पेनर या लुथरन पाळकानं १६७५ मध्ये छापील कळकळ मांडली की उपासना आहे, शिकवण आहे, पण अंतःकरण कोरडं आहे. त्यावर त्याचा उपाय साधा होता, घराघरांत थोड्या माणसांनी जमून शास्त्र वाचायचं. इंग्लंडात मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली दीक्षा घेऊन पाळक होऊन बरीच वर्षं झाली होती, अमेरिकेत मिशनकामही करून झालं होतं. तरी २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका छोट्या सभेत आपलं अंतःकरण ऊबदार झालं, अशी नोंद त्यानं रोजनिशीत केली. पाळकालाच नवीकरण लागलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. पुढे त्याच्या अनुयायांचे बाराएक जणांचे गट दर आठवड्याला भेटत आणि एकमेकांना विचारत, तुझ्या जिवाचं कसं चाललंय?

ही लाट अमेरिकेत पोचली. १८०६ च्या उन्हाळ्यात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेला जमले असताना वादळ आलं आणि ते गवताच्या गंजीच्या आडोशाला शिरले. (आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कडब्याची गंजीच येणार.) तिथे झालेल्या निश्चयातून १८१० मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड उभं राहिलं. त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये सॅम्युएल नॉटबरोबर मुंबईत उतरला. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ती. मिशनचं ठाणं १८३१ मध्ये नगरला आणि १८६० च्या दशकात सोलापुरात आलं. रेव्हरंड चार्ल्स हार्डिंग हे इथल्या सुरुवातीच्या मिशनऱ्यांपैकी. म्हणजे इथे आलेल्या लोकांनी आपला धर्म आणला, तशीच त्या धर्माबद्दलची आपली बेचैनीही आणली.

त्यानंतर दुष्काळ पडले. १८७६ ते ७८ चा आणि शतकाच्या शेवटी लागोपाठ दोन. मिशननं अन्न दिलं, पोरकी मुलं सांभाळली, शाळा काढल्या आणि मंडळ्या वाढल्या. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा तेव्हापासून ख्रिस्ती घरांच्या वाट्याला आला. टोमण्यात अर्धं सत्य असेलही. पण पोटासाठी आलेल्या माणसाची पोरं आणि नातवंडं का राहिली, याचं उत्तर त्यात नाही. माझ्या मते आपल्याकडच्या नवीकरणाचा खरा इतिहास इथूनच सुरू होतो. बाप्तिस्मा झालाय, नाव मंडळीच्या वहीत आहे, पण ख्रिस्ताची गाठ पडली का, हा प्रश्न दुसऱ्या पिढीचा आहे.

तो प्रश्न सर्वांत सडेतोडपणे पंडिता रमाबाईंनी स्वतःला विचारला. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडात १८८३ मध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. ही जाणीव त्यांना झाली ती बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी. तोवर त्यांनी पुस्तकं लिहिली होती, अमेरिका पालथी घातली होती, विधवांसाठी शारदा सदन काढलं होतं. एवढं करून झालेल्या बाईनं ‘माझ्याकडे मुख्य गोष्टच नव्हती’ असं म्हणणं सोपं नाही.

निराधार बायकामुलींना आसरा देणारं त्यांचं मुक्ती मिशन केडगावला, आपल्याच लोहमार्गावर. सोलापूरहून पुण्याला निघालं की दौंडच्या पुढे केडगाव लागतं. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी तिथल्या बायकामुलींना रोज प्रार्थनेसाठी जमायला सांगितलं. सुरुवातीला सत्तरेक जणी आल्या, काही महिन्यांत पाचशेच्या वर. जूनच्या शेवटी जे घडलं त्याला मुक्तीचं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, म्हणतात. रडणं, पापं मोठ्यानं कबूल करणं, शेकडो जणींनी एकाच वेळी आपापली प्रार्थना म्हणणं. काही मिशनऱ्यांना हा गोंगाट रुचला नाही. पण दुष्काळातून वाचून आलेल्या आणि आयुष्यभर गप्प बसवल्या गेलेल्या बायका देवापुढे मोठ्यानं बोलल्या, यात अशोभनीय काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. संजीवन सभांमध्ये आजही सगळे एकदम प्रार्थना करू लागतात, तेव्हा मला केडगाव आठवतं.

नवीकरणाची एक वाट ही केडगावची. दुसरी वाट शांत आहे आणि सोलापूर जिल्ह्याला जास्त जवळची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांनी प्रभूला अभंगात आणि ओवीत आळवलं, आणि ज्यांचे आजे-पणजे पंढरीची वाट चालले होते अशा घरांत ती गीतं चटकन रुजली. त्याआधी नगरकडे कृष्णराव सांगळे वगैरे मंडळींनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतंच. १९१७ मध्ये टिळक मिशनच्या पगारी नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तिथे जागा होती. दोन वर्षांत ते वारले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. गीतं मात्र टिकली. ‘उपासना संगीत’ हे मंडळीतलं गीतपुस्तक उघडा, टिळक भेटतातच.

मला विचाराल तर टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची गोष्ट आपल्या विषयाला अधिक लागू पडते. नवऱ्यानं धर्म बदलल्यावर त्या माहेरच्या माणसांत राहिल्या, त्यातला काही काळ पंढरपुरात. पुढे नवऱ्याबरोबर राहायला आल्या, तरी सोवळं सुटलं नव्हतं. मग एकदा विचार करत बसल्या असताना त्यांच्या मनात आलं, जात देवानं केली की माणसानं? माणसानं, असं उत्तर मिळालं आणि त्यांनी विटाळ सोडला, कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा प्रसंग आहे. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. कुठली सभा नाही, वक्ता नाही. बदल झाला तो पाण्याच्या भांड्यापाशी.

सोलापुरात या दोन्ही वाटा येऊन मिळाल्या त्या गिरणगावाच्या धकाधकीत. जुनी मिल १८७७ ची. गिरण्या वाढल्या तसा घरांचा दिवस भोंग्यावर बांधला गेला. पाळीवर जाणाऱ्याला रोजची मंडळीतली उपासना जमणं अवघडच, म्हणून घरातली दिवेलागणीची प्रार्थना महत्त्वाची. एक गीत, एक स्तोत्र, आणि घरातल्या सगळ्यात लहानाच्या तोंडून प्रभूची प्रार्थना. स्पेनरला जे हवं होतं ते जवळजवळ हेच, फक्त इथे सतरंजीवर. स्तोत्र बहुधा एक्कावन्नावं, शुद्ध हृदय मागणारं. कॅथलिक घरांत याच जागी रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, असते आणि रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराची झडती, जी इग्नेशियस लोयोलानं सोळाव्या शतकात लावून दिलेली शिस्त आहे.

मंडळ्या एकत्र येत गेल्या तशा संघटनेच्या पाट्या मधल्या काळात बदलल्या. १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. दिवेलागणीच्या प्रार्थनेला त्याचा पत्ताही लागला नाही. तिला धक्का बसला तो गिरण्या बंद पडल्यावर. पोरं पुण्याला नोकरीला गेली आणि सतरंजीवर दोघंच उरली. आता ठरलेल्या वेळेला पुण्याहून व्हिडिओ कॉल येतो, आई फोन तांब्याला टेकवून ठेवते आणि नातवाला सांगते, ‘चल, तू सुरुवात कर.’