ओटीपोटातलं जुनं दुखणं आणि फुगलेल्या शिरा

पायांवरच्या फुगलेल्या शिरा दिसतात. तशाच शिरा गर्भाशय आणि बीजांडकोशाभोवती फुगल्या, तर बाहेरून काहीच कळत नाही. ओटीपोट मात्र महिनोन्‌महिने दुखत राहतं. रिपोर्ट नॉर्मल आले की ‘मनावर घेऊ नका’ असं सांगितलं जातं. आमचं म्हणणं एवढंच, की दुखणं खरं आहे आणि त्याचा नीट शोध घ्यायला हवा.

शिरांमधल्या झडपा रक्त हृदयाकडे जाऊ देतात, उलटं येऊ देत नाहीत. गरोदरपणात ओटीपोटातल्या शिरा खूप ताणल्या जातात. बाळंतपणानंतर काहींच्या झडपा पूर्ववत मिटत नाहीत आणि रक्त खाली साचतं. म्हणून हा त्रास मुलं झालेल्या, पाळी चालू असलेल्या स्त्रियांत जास्त आढळतो. क्वचित एखादी शीर शेजारच्या धमनीखाली दाबली गेल्यानेही असं होतं.

ओळखायचं कसं? दुखण्याच्या वेळांवरून. सकाळी बरं असतं, उभं राहून काम केलं की ओटीपोट जड होतं, संध्याकाळी ठणकतं आणि आडवं झालं की उतार पडतो. पाळीच्या आधी आणि शरीरसंबंधानंतरही दुखणं वाढतं. काहींना योनीच्या बाहेरच्या भागावर, नितंबांवर किंवा मांडीच्या मागे फुगलेल्या शिरा दिसतात. हे सांगायला संकोच वाटतो, पण डॉक्टरांना जरूर सांगा. निदानाचा धागा बहुतेकदा तिथेच सापडतो.

आडवं झालं की शिरांतलं रक्त ओसरतं, त्यामुळे झोपून केलेल्या साध्या सोनोग्राफीत त्या निसटू शकतात. दुर्बिणीच्या तपासणीतही तसंच होतं. म्हणून डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करताना रुग्णाला श्वास रोखून पोटावर जोर द्यायला किंवा शक्य असल्यास उभं राहायला सांगतात. गरजेनुसार सीटी किंवा एमआरआय करतात. मात्र शिरा फुगलेल्या दिसल्या म्हणजे दुखण्याचं कारण त्याच, असं नाही. काही स्त्रियांना त्यांचा काहीच त्रास नसतो. एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), गर्भाशयातल्या गाठी, मूत्राशयाचे व आतड्यांचे विकार आधी तपासावेच लागतात.

उपचारात काहींना हार्मोनच्या गोळ्यांनी आराम पडतो. त्रास जास्त असेल तर मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी नेऊन बिघडलेली शीर आतूनच बंद करतात. सहसा भूल जागेपुरती देतात, टाके लागत नाहीत आणि बहुतेकींना त्याच दिवशी घरी जाता येतं. बऱ्याच जणींचं दुखणं कमी होतं, पण सगळ्यांचं पूर्ण थांबतंच असं नाही.

डॉक्टरांच्या भेटीला येताना जुने रिपोर्ट आणा. कधी दुखतं, कशाने वाढतं, कशाने थांबतं, याची महिनाभराची नोंद सोबत असली तर फार उपयोग होतो. अचानक तीव्र कळ, ताप किंवा जास्त रक्तस्राव असेल, तर मात्र वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.