समाजकार्य शिक्षण, सोलापूर

समाजकार्य शिक्षण, सोलापूर : पदवीधरांना समाजकार्याची तत्त्वे, पद्धती आणि प्रत्यक्ष व्यवहार शिकवणारा दोन वर्षांचा, चार सत्रांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. सर्वसामान्य बोलण्यात तो ‘एम.एस.डब्ल्यू.’ (मास्टर ऑफ सोशल वर्क) म्हणूनच ओळखला जातो. सोलापुरात वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयात तो शिकवला जातो. जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. १ ऑगस्ट २००४ रोजी एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर हे नाव त्याला नंतर मिळाले. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूरला, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण संकुल आहे. त्यामुळे या पट्ट्यात समाजकार्याचे शहरी आणि ग्रामीण असे दोन्ही वळणांचे शिक्षण तासाभराच्या अंतरावर मिळते.

भारतात या शिक्षणाची सुरुवात १९३६ मध्ये मुंबईत झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी नागपाड्याच्या कामगार वस्तीत काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने सर दोराबजी टाटा यांच्या नावाची पदव्युत्तर शाळा निघाली आणि तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. अभ्यासक्रमाचा सांगाडा अमेरिकन होता. व्यक्तिसहाय्य कार्य (एकेका व्यक्तीला तिच्या अडचणीत मदत), गटकार्य, समुदाय संघटन (वस्तीतल्या लोकांना एकत्र आणणे), समाजकल्याण प्रशासन, समाजकार्य संशोधन आणि सामाजिक कृती या सहा पद्धती आजही त्याच क्रमाने फळ्यावर लिहिल्या जातात. त्यांच्या जोडीला महात्मा फुले, शाहू महाराज, डॉ. आंबेडकर, गांधी आणि संतपरंपरा यांवरचे प्रकरण असते. मात्र ते बहुधा ‘पार्श्वभूमी’ म्हणून पहिल्या सत्रात उरकले जाते आणि पद्धती शिकवताना त्याचा संदर्भ क्वचितच येतो. ही या अभ्यासक्रमाची जुनी उणीव आहे.

सोलापूर जिल्ह्यात संघटित समाजकार्य याच्याही आधीचे आहे. पंढरपुरात न्यायखात्यात असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ मध्ये अनाथ व टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम सुरू केला. प्रार्थना समाजाने चालवलेला हा आश्रम वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने ओळखला जातो. दुसरा वारसा अधिक अवघड आहे. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा आधार घेऊन पुढे सोलापूरच्या वेशीबाहेर तारेच्या कुंपणाची ‘सेटलमेंट’ वसवली गेली. तिथे पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींच्या कुटुंबांना ठेवले जाई. हजेरी सक्तीची, बाहेर जायला परवानगी हवी, आणि त्याच वेळी मुलांना शाळा, मोठ्यांना गिरणीत काम. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जाऊ लागला. वस्तीचे ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र पत्त्यांत अजून टिकून आहे. कल्याण आणि पहारा एकाच कुंपणात कसे नांदू शकतात, हे शिकवायला सोलापूरच्या शिक्षकाला परदेशी उदाहरण शोधावे लागत नाही.

अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य, विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘फील्डवर्क’. सुरुवातीला संस्थाभेटी होतात. मग विद्यार्थ्याला एखादी वस्ती, रुग्णालय, शाळा, मुलांचे निरीक्षणगृह किंवा स्वयंसेवी संस्था नेमून दिली जाते आणि आठवड्यातले साधारण दोन दिवस तो तिथे असतो. प्रत्येक दिवसाचा अहवाल लिहायचा. कोणाशी काय बोललो, एवढे लिहून भागत नाही. आपण तसे का बोललो आणि त्या वेळी आपल्या मनात काय आले, हेही लिहावे लागते. या अहवालावर शिक्षक विद्यार्थ्याला एकट्याला बसवून चर्चा करतो (‘आय.सी.’, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स), आणि अधूनमधून सगळ्या गटासमोर एखादा प्रसंग मांडला जातो (‘जी.सी.’, म्हणजे ग्रुप कॉन्फरन्स). वर्गातला सिद्धान्त आणि वस्तीतला अनुभव यांची गाठ पडते ती याच ठिकाणी. एका शिक्षकाकडे विद्यार्थी जास्त झाले की सर्वांत आधी आय.सी. आक्रसते, मग अहवाल एकमेकांचे पाहून लिहिले जातात आणि फील्डवर्क म्हणजे नुसती सह्यांची वही होते.

सोलापुरात क्षेत्रकार्याला भाषेची अट आपोआप लागते. शहरात मराठीइतकीच तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू ऐकू येते. पूर्व भागातल्या यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या घरांत प्रामुख्याने तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बाजूला कन्नड. माढा-करमाळ्याकडून आलेल्या विद्यार्थ्याला शहरातच दुभाषा लागतो, आणि तो दुभाषा बहुतेकदा त्या घरातलीच शाळकरी मुलगी असते. आईने नवऱ्याच्या दारूबद्दल सांगायचे आणि मुलीने ते मराठीत आणायचे, हा पेच पाठ्यपुस्तकात नाही. वर्गात जिला तेलुगू येते अशी पद्मशाली (तेलुगू भाषक विणकर समाजातली) विद्यार्थिनी अशा वेळी शिक्षकाहूनही जास्त उपयोगाची ठरते.

गोपनीयतेचे तत्त्व येथे सर्वांत जास्त कसाला लागते. अमेरिकन समाजकार्य-अभ्यासक फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ मध्ये मांडलेली व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात : व्यक्तिविशिष्टता, भावनांची हेतुपूर्ण अभिव्यक्ती, नियंत्रित भावनिक गुंतवणूक, स्वीकार, निवाडा न करण्याची वृत्ती, स्वयंनिर्णय आणि गोपनीयता. त्यांमागे बंद दाराची खोली, दोन खुर्च्या आणि ठरलेली वेळ गृहीत धरलेली आहे. विडी वळणारी बाई मात्र उंबऱ्याशी, मांडीवर सूप घेऊन बसलेली असते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, म्हणून बोलताना हात थांबवणे तिला परवडत नाही. शेजारणीही तिथेच वळत असतात. जाणते शिक्षक अशा वेळी तत्त्व मोडले असे म्हणत नाहीत. शेजारणींपैकी कोण आधार आहे आणि कोणासमोर विषय काढायचा नाही, हे आधी ओळखायला ते शिकवतात. मुलाखत अशीच सुरू होते, आणि पुष्कळदा व्यक्तिसहाय्याची गटकार्याशी गाठ पडते, कारण पाच जणींचे दुखणे एकच निघते.

दुखणे पाठीचे-डोळ्यांचे असो की नापास ठरवलेल्या विड्यांपोटी होणाऱ्या मजुरी-कपातीचे, पुढचा रस्ता कायद्याकडे जातो. विडी कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा १९६६ चा (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) आणि कल्याण उपकराचा १९७६ चा. वस्तू व सेवा कर आल्यावर २०१७ मध्ये तो उपकर रद्द झाला. ओळखपत्र, मुलांची शिष्यवृत्ती, भविष्यनिर्वाह निधी ही कामे विद्यार्थी करतात. मात्र हक्क मिळवले ते मुख्यतः कामगार संघटनांनी, हेही त्यांना सांगावे लागते. कुंभारीजवळ विडी कामगार महिलांसाठी उभी राहिलेली १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत (२००६) आणि ३०,००० घरांच्या रे नगर प्रकल्पातील १९ जानेवारी २०२४ रोजी हस्तांतरित झालेली १५,००० घरे ही चळवळीची फळे आहेत. समुदाय संघटन शिकवायला ही जागा उत्तम. झोपडपट्टीतले जुने शेजार मोडून नव्या ठिकाणी लोक कसे जुळतात, पाणी आणि वाहतूक यांसाठी कोण पुढे येते, हे तिथे पाहता येते.

ग्रामीण शिबिर साधारण आठवड्याभराचे असते. श्रमदान आणि पथनाट्य हा त्याचा दिसणारा भाग. खरे शिक्षण घरोघरच्या पाहणीत आणि रात्रीच्या आढाव्यात होते. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर असल्याने गळिताच्या हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) पडतात. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन आलेले जोडपे, म्हणजे एक ‘कोयता’, आणि त्यांची शाळा सुटलेली मुले हा शिबिराचा नेहमीचा विषय. आषाढीला पंढरपुरात स्वच्छता व आरोग्याच्या कामात विद्यार्थी लागतात. ते काम उपयोगी आहे, पण त्याला क्षेत्रकार्य म्हणणे थोडे सैल आहे.

एकेकाळी कामगार कल्याण आणि कर्मचारी व्यवस्थापन या शाखेला मोठी मागणी होती. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी बंधनकारक केला. सोलापुरात लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजीसारख्या मोठ्या गिरण्या बंद पडल्या आणि काम विखुरलेल्या यंत्रमागांवर गेले, जिथे हा आकडा कधी भरत नाही. त्यामुळे ओढा वैद्यकीय व मानसोपचार समाजकार्य, बालसंरक्षण आणि ग्रामविकास यांकडे वळला. शासकीय रुग्णालयातील ‘समाजसेवा अधीक्षक’, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, एच.आय.व्ही. समुपदेशन केंद्र, पोलिसांकडील महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष या ठिकाणी पदवीधर काम करतात. विशेष कक्षाची कल्पना टाटा संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत प्रथम राबवली होती. यांतल्या अनेक नेमणुका कंत्राटी असतात.

वकील किंवा परिचारिका यांच्यासाठी असते तशी एकूण समाजकार्यासाठी भारतात नोंदणी परिषद नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसोपचार समाजकार्यकर्ता होण्यास एम.एस.डब्ल्यू.नंतर दोन वर्षांची एम.फिल. लागते, आणि २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात वैद्यकीय व मानसोपचार समाजकार्यकर्त्यांचा समावेश आहे. वस्ती, शाळा आणि शेतमजूर यांच्यात काम करणारा पदवीधर या दोन्ही कायद्यांच्या बाहेर राहतो.