स्कॅट की व्होकलीज? एलाची चूक आणि अ‍ॅनीची तयारी

जॅझ गाण्यात तोंडाने सॅक्सोफोनसारखं भरभर काही चाललं, की त्याला 'स्कॅट' म्हणून आपण मोकळे होतो. मीही बरीच वर्षं तेच करायचो. पण त्यात स्कॅट आणि व्होकलीज या दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि दोन्हींत हसू येतं ते वेगवेगळ्या कारणाने.

अमेरिकी जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डची 'मॅक द नाइफ : एला इन बर्लिन' ही तबकडी म्हणजे १३ फेब्रुवारी १९६०ची बर्लिनमधली मैफल. तिच्यातलं 'हाउ हाय द मून' ऐका. आधी गाण्याचे शब्द नीट येतात, मग बाई शब्द सोडतात आणि पुढची काही मिनिटं नुसती निरर्थक अक्षरं. हा स्कॅट. चौकट गाण्याच्या कॉर्ड्सची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांची), सूर मात्र त्या क्षणी सुचलेले. मधूनच ओळखीच्या गाण्यांचे तुकडे डोकावतात. दमल्यावर 'डोळ्यांत धूर जातो' या अर्थाच्या एका लोकप्रिय गाण्याचा मुखडा घेऊन ती धुराच्या जागी घाम घालते. आपल्याकडे गवई तान घेता घेता कोपरखळी मारतो, तसलाच प्रकार.

व्होकलीज नेमकं उलटं. इथे सूर जुने, शब्द नवे. वार्डेल ग्रे या सॅक्सोफोनवादकाने १९४९ साली एक ब्लूज वाजवला. त्या वादनातल्या स्वरनस्वरावर गायिका अ‍ॅनी रॉसने १९५२ साली शब्द बसवले : 'ट्विस्टेड'. मनोविश्लेषकाने वेडी ठरवलेली बाई त्याचंच डोकं कसं ठिकाणावर नाही हे ठसक्यात सांगते. नाट्यपदात चालीवर शब्द बसवतात हे आपल्याला ठाऊक आहे. इथे बांधलेल्या चालीवर नाही, तर कुणाच्या तरी एकदाच आलेल्या तानेवर बसवायचे. शिवाय श्वास घ्यायचा तोही वादकाने ठेवला असेल त्या फटीत. (शब्दांशिवाय गायचा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातला 'व्होकलाइज' तिसराच, नावापलीकडे त्याचा इथे संबंध नाही.)

याच अ‍ॅनीने डेव्ह लँबर्ट आणि जॉन हेंड्रिक्स या गायकांबरोबर १९५७ साली 'सिंग अ साँग ऑफ बेसी' ही तबकडी केली. काउंट बेसी या जॅझवाल्याच्या वाद्यवृंदातल्या फुंकवाद्यांच्या जागी बोलावलेल्या गायकांना ती झुलती लय काही जमेना. शेवटी तिघांनीच आपले आवाज एकावर एक चढवून सगळी फुंकवाद्यं गायली. एवढ्या खटाटोपात आयत्या वेळी सुचेल ते गायला वाव कुठला?

आता खरी गंमत. बर्लिनच्या त्याच मैफलीत 'मॅक द नाइफ' गाताना एला शब्द विसरली. हे गाणं नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'तलं, म्हणजे ज्यावरून पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा' केला ते. १९२८ साली ते बर्लिनमध्येच पहिल्यांदा रंगभूमीवर आलं होतं. विसरायला गावही तेच सापडलं! पण ती थांबली नाही. पुढचे शब्द आठवत नाहीत हेच चालीत बसवून ती गाऊ लागली. बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग या गायकांनी हे गाणं कसं गाजवलं आणि आता आपण त्याची कशी वाट लावतोय, हेही यमकात सांगितलं. वर आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल. या गायनाला ग्रॅमी मिळालं.

हे स्कॅट म्हणावं तर यातल्या बऱ्याच भागात चक्क अर्थ असलेले शब्द आहेत. व्होकलीज म्हणावं तर आधी कुणी वाजवलेलं वादन यात नाही. माझ्या मते ही स्कॅटचीच सख्खी बहीण, कारण हसू येतं ते 'आता ही पडणार' या धास्तीतून. अ‍ॅनीचं हसू लेखणीतलं आहे, दहाव्यांदा ऐकलं तरी टोला तिथेच बसतो. म्हणून तर गायिका जोनी मिचेलला १९७४ साली 'ट्विस्टेड' उचलून आपल्या तबकडीत गाता आलं.

आणि एला? पुढच्या मैफलींत तिने विसरण्याच्या भरात सुचलेल्या त्या ओळींतल्या काही चक्क पाठ केल्यासारख्या पुन्हा गायल्या.