दुसरं दार: कॅनडाच्या ज्युनियर हॉकीतल्या नकारांची पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये गॅविन मॅकेना या १७ वर्षांच्या मुलाने अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाकडून खेळणार असल्याचं जाहीर केलं. आधीच्या मोसमात त्याने मेडिसिन हॅट टायगर्सकडून ५६ सामन्यांत १२९ गुण मिळवले होते आणि संघाने वेस्टर्न हॉकी लीग जिंकली होती. (इथे गुण म्हणजे स्वतः केलेले गोल आणि गोलला केलेलं साहाय्य यांची बेरीज.) इतका चांगला खेळाडू कॅनडातली ज्युनियर लीग अर्ध्यावर सोडून कॉलेजात जातो, हे दोन वर्षांपूर्वी कुणाच्या मनातही आलं नसतं. तेव्हाच्या नियमांत ते शक्यच नव्हतं.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि हिरवं मैदान डोळ्यांसमोर येतं. इथे विषय बर्फावरच्या हॉकीचा आहे, आणि त्यातही वयात येणाऱ्या मुलांचा. पश्चिम कॅनडात ज्युनियर संघ मुलांना निवडतात ते वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी, ओंटारियोत त्याहून वर्षभराने. आपल्या हिशेबात नववी-दहावीतली मुलं. ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीने नावं घेतात आणि ज्याने नाव घेतलं त्याच संघाकडे त्या लीगपुरते मुलाचे हक्क जातात. मग घर सोडायचं, परक्या गावात यजमान कुटुंबाकडे राहायचं, तिथल्या शाळेत नाव घालायचं आणि ६८ सामन्यांचा मोसम बसमधून पार पाडायचा. कुठे जायचं हे मुलगा ठरवत नाही. त्याला ठरवायचं असेल तर एकच शब्द हाताशी असतो: नाही. त्या शब्दाला वजन कधी आलं आणि कुणामुळे, हे कळल्याशिवाय मॅकेनाची बातमी नीट समजत नाही.

ड्राफ्टच्या आधीचा काळ याहून कठीण होता. १९६०च्या दशकापर्यंत नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगचे संघ कॅनडाभरच्या ज्युनियर संघांना पैसा पुरवत आणि बदल्यात त्यांच्या खेळाडूंवर हक्क ठेवत. ‘सी फॉर्म’ नावाचा एक कागद असे. मुलगा अल्पवयीन असला तर त्यावर आईवडिलांची सही होई, आणि त्या सहीने त्याचं पुढचं व्यावसायिक आयुष्य एका संघाच्या नावावर होऊन जाई. बॉबी ऑर हा आजही अनेकांच्या मते हॉकीतला सर्वांत मोठा बचावपटू. बोस्टन ब्रुइन्सच्या लोकांनी त्याला १२व्या वर्षी हेरलं आणि १९६२ मध्ये, १४व्या वर्षी, त्याच्यासाठी सही मिळवली. मोबदल्यात थोडे पैसे आणि पॅरी साउंडमधल्या त्यांच्या घराला बाहेरून नवा गिलावा. आईला एवढ्या लहान पोराला दूर पाठवायचं नव्हतं, म्हणून पहिल्या मोसमात तो घरीच राहिला आणि फक्त सामन्यांसाठी ज्युनियर संघाच्या गावी, ओशावाला, जाऊन-येऊन खेळला. त्या काळात एखाद्या कुटुंबाच्या हाती एवढंच होतं. कुणाकडून खेळायचं हे ठरून गेलेलं, घासाघीस उरली ती राहायचं कुठे याची.

१९६३ मध्ये मॉन्ट्रियलमधल्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात एनएचएलचा पहिला ड्राफ्ट झाला. २१ मुलांची नावं घेतली गेली, त्यांत पहिलं गॅरी मोनाहनचं. ज्युनियर संघांना पोसण्याची जुनी पद्धत एकदम गेली नाही. ती दशकभर मावळत राहिली, आणि १९६९ पासून जवळजवळ सगळेच चांगले ज्युनियर खेळाडू ड्राफ्टमध्ये येऊ लागले. ड्राफ्ट हा खेळाडूंसाठी काढलेला मार्ग नव्हता, हे इथेच लक्षात ठेवायला हवं. श्रीमंत संघांनी सगळी गुणी मुलं उचलून नेऊ नयेत म्हणून संघांनी आपसात केलेली ती वाटणी होती. दुबळ्या संघाला आधी नाव घ्यायचा मान मिळतो, त्यामुळे लीग जिवंत राहते, आणि हे मी खरोखर मानतो. पण त्या वाटणीत मुलाला काय वाटतं हे विचारणारा रकाना कधीच नव्हता.

याच सुमारास कॉलेजचं दार किलकिलं होत होतं. अमेरिकन विद्यापीठांची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा १९४८ पासून भरत होती, पण तिथून मोठ्या लीगमध्ये कुणी जात नसे. मिशिगन विद्यापीठाचा रेड बेरेन्सन १९६२ मध्ये कॉलेजातून थेट एनएचएलमध्ये उतरला. पुढे केन ड्रायडन ज्युनियरचा रस्ता सोडून कॉर्नेल विद्यापीठात इतिहास शिकला आणि मॉन्ट्रियलचा गोलरक्षक म्हणून थोर ठरला. अशी उदाहरणं थोडी होती, पण पुस्तकं आणि हॉकी एकत्र चालू शकतात हे घराघरांत कळायला ती पुरली.

खरा धक्का बसला तो प्रतिस्पर्धी लीगमुळे. १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन उभी राहिली आणि तिला खेळाडू हवे होते. १९७७ मध्ये केन लिन्समन या १९ वर्षांच्या मुलाला तिच्या वयाच्या नियमामुळे खेळता येईना, तेव्हा तो कनेक्टिकटमधल्या संघीय न्यायालयात गेला आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. पुढच्याच वर्षी वेन ग्रेट्झकी १७व्या वर्षी इंडियानापोलिस रेसर्सकडून व्यावसायिक खेळाडू झाला. एनएचएलला आपली वयाची अट खाली आणावी लागली. १९७९ मध्ये ती १९ वर आली आणि १९८० मध्ये १८ वर. लीगमधल्या कुणाला मुलांचा कळवळा आला म्हणून हे झालं नाही. शेजारी दुसरं दुकान उघडलं होतं.

ग्रेट्झकीचं एक वर्ष आधीचं प्रकरण मला फार बोलकं वाटतं. १९७७ मध्ये ओंटारियोच्या ज्युनियर ड्राफ्टमध्ये सू सेंट मरी ग्रेहाउंड्सने त्याचं नाव तिसरं घेतलं. सुपीरियर सरोवराच्या टोकाचं हे पोलादाचं गाव टोराँटोपासून सुमारे ७०० किलोमीटरवर आहे आणि प्रत्येक दौरा म्हणजे बसचा लांबलचक प्रवास. मला घेऊ नका, असं त्याच्या घरच्यांनी कळवलं होतं. तरी घेतलं, आणि तो शेवटी गेला. तिथे आवडता ९ क्रमांक दुसऱ्याकडे होता म्हणून त्याने ९९ घातला. त्या गावाने तो एक मोसम आजतागायत जपून ठेवला आहे.

बारा वर्षांनी त्याच गावाने तोच डाव पुन्हा मांडला, पण समोर एरिक लिंड्रोस होता. १९८९ मध्ये १६ वर्षांचा हा धिप्पाड मुलगा देशभर गाजत होता. आईवडिलांनी अंतर, प्रवास आणि शाळा ही कारणं देऊन आधीच नकार कळवला होता. ग्रेहाउंड्सने तरीही पहिलं नाव त्याचंच घेतलं. लिंड्रोस गेला नाही. तो सीमा ओलांडून डेट्रॉइटच्या एका ज्युनियर संघात खेळू लागला, आणि मोसमाच्या मध्यावर ग्रेहाउंड्सने त्याचे हक्क ओशावा जनरल्सला देऊन बदल्यात खेळाडू, पुढच्या निवडी आणि रोख रक्कम घेतली. १९९० मध्ये ओशावाने मेमोरियल कप, म्हणजे कॅनडातलं ज्युनियर हॉकीचं सर्वोच्च विजेतेपद, जिंकला. पुढच्या वर्षी लीगच्या अंतिम लढतीत मात्र सू सेंट मरीनेच ओशावाला हरवलं. नाकारलं गेल्याचं दुःख एखाद्या गावाने इतकं मनापासून भरून काढल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

१९९१ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये लिंड्रोसचं नाव पुन्हा पहिलं, या वेळी क्विबेक नॉर्डिक्सकडून. मंचावर त्याने संघाची जर्सी अंगात घातली नाही. ते छायाचित्र अजून फिरतं. क्विबेकमध्ये हा फ्रेंच भाषेचा आणि प्रांताचा अपमान मानला गेला. आपला आक्षेप भाषेला नव्हता, संघाच्या मालकाला होता, असं लिंड्रोसने पुढे सांगितलं. वर्षभर तो बाहेर राहिला, मध्ये कॅनडाकडून १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये खेळून रौप्यपदक घेऊन आला. जून १९९२ मध्ये नॉर्डिक्सने त्याचा सौदा फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क रेंजर्स अशा दोघांशीही केला, आणि लॅरी बर्टुझी या लवादाने कौल फिलाडेल्फियाच्या बाजूने दिला. किंमत होती पीटर फोर्सबर्ग, रॉन हेक्स्टॉल, माइक रिची यांच्यासह अनेक खेळाडू, ड्राफ्टमधल्या निवडी आणि १ कोटी ५० लाख डॉलर. नॉर्डिक्स १९९५ मध्ये कोलोरॅडोला गेले आणि १९९६ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकले, फोर्सबर्ग त्या संघात होता. म्हणजे नकारातून क्विबेकचा संघ उभा राहिला, पण तोवर तो क्विबेकचा उरला नव्हता.

लिंड्रोसला लोकांनी लाडावलेला म्हटलं, हट्टी म्हटलं. मला त्यात अन्याय दिसतो. त्याच्याआधीही अनेक मुलांना नको त्या गावी जावं लागलं, पण घरी वर्षभर थांबायची ऐपत आणि वकील-सल्लागारांचं बळ त्याच्या घरापाशी होतं, इतरांपाशी नव्हतं. आणि सीमेपलीकडे खेळायला एक जागा होती. ती नसती तर १६व्या वर्षीचा तो नकार किती आठवडे टिकला असता?

त्यानंतर नकार ही ज्युनियर हॉकीत जवळजवळ रूढ गोष्ट झाली. पहिल्या फेरीत निवडलेला मुलगा आलाच नाही तर संघाला पुढच्या वर्षी भरपाई म्हणून एक निवड देण्याचा नियम ओंटारियो लीगने केला. मॅक्स डोमीला २०११ मध्ये किंग्स्टनने निवडलं, तो गेला नाही आणि ओंटारियोतल्याच लंडन नाइट्सकडे पोचला. बहुतेकांचा पर्याय मात्र दुसरा ज्युनियर संघ नसे, कॉलेज असे. जोनाथन टेव्झचं नाव २००३ च्या वेस्टर्न लीग ड्राफ्टमध्ये सर्वांत पहिलं होतं, तो नॉर्थ डकोटा विद्यापीठात गेला. ओवेन पॉवरला २०१८ मध्ये फ्लिंटने दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, मॅक्लिन सेलेब्रिनीला २०२१ मध्ये सिएटलने घेतलं. दोघेही शिकागो स्टील या अमेरिकन ज्युनियर संघातून विद्यापीठात गेले आणि दोघेही पुढे एनएचएल ड्राफ्टमध्ये पहिले आले.

या निवडीत एक क्रूर कलम होतं. कॅनडातल्या तीन मोठ्या ज्युनियर लीग खेळाडूंना आठवड्याला थोडं मानधन देत आणि एनएचएलशी करार झालेली मुलंही तिथे खेळत. त्यामुळे अमेरिकन विद्यापीठांची संघटना, एनसीएए, त्या लीगना व्यावसायिक मानत असे. तिथे एक सामना, अगदी सरावाचा सामना जरी खेळला, तरी कॉलेज हॉकीची पात्रता जाई. दहावीतल्या मुलाने त्या उन्हाळ्यात जो कागद भरला, त्यावर त्याच्या पदवीपर्यंतचा रस्ता ठरायचा. ज्युनियर लीग आपल्या परीने भरपाई करत, एक वर्ष खेळल्यास एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च देत. पण पाय घसरला तर माघारी फिरायला जागा नव्हती. कॉलेजचं दार उघडं ठेवायचं असेल तर अमेरिकेतली यूएसएचएल किंवा ब्रिटिश कोलंबियाची बीसीएचएल अशा लीगमध्ये थांबावं लागे. बीसीएचएलने तर २०२३ मध्ये हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेशी नातं तोडलं, इतर प्रांतांतली १६-१७ वर्षांची मुलं घेता यावीत हे त्यामागचं एक मोठं कारण. पुढच्या जानेवारीत अल्बर्टातले पाच संघही तिला जाऊन मिळाले.

वरच्या पायरीवरही कॉलेजने मुलांच्या हाती एक हत्यार दिलं होतं. चार वर्षं विद्यापीठात काढली की निवडलेल्या एनएचएल संघाचा हक्क संपतो. केविन हेजने शिकागोला आणि जिमी व्हेसीने नॅशव्हिलला असंच सोडलं. कटर गोतिएने फिलाडेल्फियाकडे जायचं नाकारलं, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये त्याला अनाहाइमला द्यावं लागलं. लिंड्रोससाठी एवढी किंमत मोजणारा फिलाडेल्फिया या वेळी नाकारला गेलेल्या बाजूला होता.

मग भिंत पडली. ऑगस्ट २०२४ मध्ये ओंटारियोतल्या एका तरुण खेळाडूच्या बाजूने अमेरिकेत बफेलोच्या न्यायालयात दावा दाखल झाला. १६व्या वर्षी दोन सराव सामने खेळल्यामुळे त्याची पात्रता गेली होती. अमेरिकेत तोवर कॉलेज खेळाडूंना नाव आणि चेहऱ्यावर पैसे मिळवायची मुभा मिळालेली होती, त्यामुळे किरकोळ मानधनावरून कुणाला व्यावसायिक ठरवणं न्यायालयात टिकणं अवघड होतं. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी एनसीएएने ज्युनियर खेळाडूंना मोकळीक दिली, १ ऑगस्ट २०२५ पासून. जून २०२५ मध्ये आणखी एका खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी मिळाली आणि विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. मॅकेनाच्या बाबतीत माध्यमांत सुमारे ७ लाख डॉलरचा आकडा आला.

आता चित्र उलटं आहे. १६व्या वर्षी ज्युनियरला नकार द्यायचं मोठं कारणच उरलं नाही, म्हणून पूर्वी कॉलेजसाठी थांबणारी अमेरिकन मुलंही कॅनडात खेळायला येऊ लागली आहेत आणि यूएसएचएल, बीसीएचएलला त्याची झळ बसते आहे. दुसरीकडे १८-१९व्या वर्षी मुलं कॉलेजकडे निघतात. पोर्टर मार्टोन ब्रॅम्प्टनहून आणि केडन लिंडस्ट्रम मेडिसिन हॅटहून मिशिगन स्टेटला गेले. तिथे सामने निम्मे, व्यायामाला आणि शरीर भरायला वेळ जास्त, आणि समोर वीस-बावीस वर्षांचे पुरुष. २० वर्षांखालच्या ज्युनियर खेळाडूला खालच्या व्यावसायिक लीगमध्ये जाता येत नसे, त्या अडचणीवरही हा उतारा ठरला.

मुलांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, यात मला शंका नाही. काळजी वाटते ती गावांची. लिंड्रोसने पाठ फिरवली तेव्हा सू सेंट मरीच्या हाती निदान खेळाडू आणि पैसे आले, कारण तो त्याच लीगमधल्या दुसऱ्या संघाकडे गेला होता. मेडिसिन हॅट हे अल्बर्टातलं साठ-पासष्ट हजार वस्तीचं गाव. त्यांनी मॅकेनाचं नाव २०२२ मध्ये सर्वांत पहिलं घेतलं, युकॉनमधून आलेल्या त्या मुलाला घरात ठेवून घेतलं, त्याच्या खेळावर लीग जिंकली. तो पेन स्टेटला गेला तेव्हा ज्युनियर लीग आणि एनसीएए यांच्यात भरपाईचा कुठलाच करार नव्हता. टायगर्सना बदल्यात काही मिळालं नाही.